खाणीच्या काठावरचे नीतिशास्त्र

अमेरिकेतील इंडियाना राज्यात ग्रीनकॅसल नावाचे एक गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. चौकात जुने कोर्ट, भोवती दुकाने, आणि गावाला लागून डीपॉ विद्यापीठ. हे विद्यापीठ १८३७ मध्ये मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळींनी काढले. त्याचे पहिले नाव वेगळे होते. पुढे काचेचे कारखानदार वॉशिंग्टन डीपॉ यांनी मोठी देणगी दिली आणि १८८४ मध्ये त्यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. विद्यार्थी सुमारे दोन हजार. आपल्या शहरांतल्या एकेका महाविद्यालयात याहून जास्त मुले असतात. तरीही आम्ही दिवाळीच्या सुटीत भाच्याकडे इंडियानापोलिसला गेलो, तेव्हा पाहायच्या ठिकाणांच्या यादीत हे गाव होते. त्याचे कारण म्हणजे या विद्यापीठाचे नीतिशास्त्राचे केंद्र. नाव 'प्रिंडल इन्स्टिट्यूट फॉर एथिक्स'. आणि हे केंद्र वर्गखोल्यांच्या रांगेत नसून एका जुन्या खाणीच्या काठावर, रानात आहे.

आम्ही दोघेही शिक्षक. शाळेच्या वेळापत्रकात मूल्यशिक्षण नावाची गोष्ट असते, ती कशी पार पडते हे शिक्षकांना सांगायला नको. फळ्यावर सुविचार, त्याखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण, मग गणित. आपल्या घरात ज्याला अखलाक म्हणतात त्याचीही पुष्कळदा हीच गत होते. मुलाला 'खरे बोल' असे सांगतो आणि दारात वसुलीवाला आला की 'अब्बा घरी नाहीत म्हणून सांग' असेही सांगतो. तर ज्या देशात याच विषयासाठी स्वतंत्र इमारत बांधली आहे, तिथे नेमके करतात काय, हे पाहावेसे वाटले.

इंडियानापोलिसहून ग्रीनकॅसल पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर. वाटेत प्लेनफील्ड लागते. इथे उत्तर अमेरिकेतील मुसलमानांच्या 'इस्ना' या मोठ्या संघटनेचे मुख्यालय आणि मशीद आहे. वास्तुकार गुलजार हैदर यांनी ही इमारत अशी बांधली आहे की रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती विटांची साधी, चौकोनी वास्तू वाटते. घुमट जाणवतो तो आत गेल्यावर. तिथे थोडा वेळ थांबून पुढे निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची आणि सोयाबीनची शेते, सपाट, नजर पोचेल तिथवर. आमच्यासारख्या डोंगरातल्या माणसांना असली जमीन पाहून चुकल्यासारखे होते.

ग्रीनकॅसलमध्ये शिरल्यावर कोर्टाच्या आवारात एक विचित्र स्मारक दिसले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लंडनवर सोडलेल्या 'व्ही-१' जातीचा एक उडता बाँब चबुतऱ्यावर चढवून ठेवला आहे, शहीद सैनिकांच्या आठवणीसाठी. भाच्याने आणखी एक माहिती पुरवली. जॉन डिलिंजर नावाच्या गाजलेल्या दरोडेखोराच्या टोळीने २३ ऑक्टोबर १९३३ रोजी याच गावातली बँक लुटली आणि सुमारे ७५ हजार डॉलर नेले. "मामू, नीतिशास्त्राला गाव बरोबर निवडलंय," तो म्हणाला.

खाण आणि रान

विद्यापीठाच्या मुख्य आवारापासून थोड्या अंतरावर हे निसर्ग उद्यान आहे. क्षेत्र सुमारे ५०० एकर. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारंजे, कापलेली हिरवळ आणि भेळवाला येतो. इथे त्यातले काही नाही. ही चुनखडी दगडाची खाण होती. इंडियानाचा हा दगड अमेरिकेत नावाजलेला. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला याच राज्यातल्या दगडाचा मुलामा आहे. (तो दगड दक्षिणेकडच्या बेडफर्ड भागातला. ग्रीनकॅसलची खाण मुख्यतः खडीसाठी.) तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग उथळ समुद्राखाली होता. समुद्रातल्या जिवांची कवचे आणि सांगाडे तळाशी साचत गेले, दाबले गेले आणि त्यांचा दगड झाला. आजही तिथल्या दगडात बारीक चकत्यांसारखे अवशेष दिसतात. माळेतले मणी सांडावेत तसे.

खाणीचे काम थांबले आणि नंतर कंपनीने जागा विद्यापीठाला दिली. विद्यापीठाने खड्डा बुजवला नाही. उभे कापलेले दगडी कडे तसेच ठेवले, तळाला जे उगवले ते उगवू दिले, काठाने पायवाटा आखल्या. एक वाट खाणीच्या कडेने फिरते, एक बिग वॉलनट नावाच्या ओढ्याकडे उतरते. ओढ्याला ते ओढा म्हणत असले तरी पात्र आपल्या लहान नदीएवढे आहे. काठावर पांढऱ्या सालीची सिकॅमोरची झाडे, वरच्या अंगाला मेपल आणि बीच. ऑक्टोबरचा शेवट असल्याने मेपल तांबडे झाले होते. एक लालभडक कार्डिनल पक्षी वाटेवर उतरला. हा त्या राज्याचा मानाचा पक्षी. भाच्याची आठ वर्षांची मुलगी त्याच्यामागे धावली आणि अर्थातच तो उडाला.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते खाणीच्या कडेवर. खाली पाहिले की यंत्रांनी कापलेल्या पायऱ्या अजून ओळखू येतात. त्या पायऱ्यांवर मातीचा बेताचाच थर, त्यात गवत आणि खुरटी झाडे. दगड फोडून माणूस निघून गेल्यावर जमीन स्वतःला किती हळू सावरते, ते इथे उघड दिसते. माती तयार व्हायला वेळ लागतो. आधी दगडफूल, शेवाळ, मग गवत, मग झुडपे. इतक्या वर्षांनंतरही खाणीचा तळ हा तळच वाटतो, रान वाटत नाही. ते लपवलेले नाही, हे आम्हाला आवडले.

प्रिंडल केंद्राची इमारत याच परिसरात आहे. २००७ मध्ये हे केंद्र सुरू झाले. देणगी दिली जॅनेट प्रिंडल यांनी. त्या १९५८ मध्ये याच विद्यापीठातून पदवीधर झाल्या आणि न्यूयॉर्कच्या गुंतवणूक क्षेत्रात नाव कमावले. त्यांचे काम वाचून आम्हाला जरा आश्चर्य वाटले. कंपनी नफा किती देते एवढेच न पाहता तो नफा ती कशातून कमावते हेही पाहून पैसा गुंतवायचा, अशा प्रकारचा फंड त्या चालवत असत. दारू, तंबाखू, जुगार, शस्त्रे यांच्यापासून दूर राहणारी गुंतवणूक. हलाल कमाईची चर्चा आपल्या घरांत नेहमी होते. वॉल स्ट्रीटवर बसलेल्या एका बाईने तिच्या पद्धतीने तोच प्रश्न धंद्याच्या मध्यभागी आणला होता.

इमारत पर्यावरणाला धरून बांधली आहे आणि तिला त्यासाठी अमेरिकेतला 'लीड' गोल्ड दर्जा मिळाला आहे. जवळच शांत बसण्यासाठी एक वेगळी लहान वास्तू आहे, बार्टलेट रिफ्लेक्शन सेंटर. कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या माणसाने यावे, बसावे, प्रार्थना करावी. जोहरची वेळ झाली होती. आम्ही बाहेर गवतावर नमाज अदा केली. दोन विद्यार्थी पायवाटेने धावत आले, आम्हाला पाहून वेग कमी केला, पुढे गेल्यावर परत धावू लागले.

उत्तर सांगत नाहीत

नीतिशास्त्राचे केंद्र म्हणजे उपदेशाचे केंद्र, हा समज इथे टिकत नाही. पदवीच्या मुलांनी आपले निबंध मांडायचे परिसंवाद, बाहेरच्या विद्वानांची व्याख्याने, चालू घडामोडींवरचे लेख, 'एक्झॅमिनिंग एथिक्स' नावाचा पॉडकास्ट, असे त्यांचे काम चालते. शिक्षक म्हणून आम्हाला त्यांतल्या दोन गोष्टी घरी घेऊन याव्याशा वाटल्या.

पहिली, एथिक्स बोल. ही महाविद्यालयीन संघांची स्पर्धा आहे. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक रॉबर्ट लाडेन्सन यांनी १९९३ मध्ये ती सुरू केली आणि पुढे ती देशभर पसरली. आपली वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा कशी असते? विषयाच्या बाजूने एक, विरुद्ध एक. चिठ्ठी निघेल ती बाजू घ्यायची आणि हिरिरीने लढवायची. मुलगा हुंड्याच्या बाजूनेही टाळ्या मिळवू शकतो. एथिक्स बोलमध्ये असे नसते. काही आठवडे आधी प्रसंग दिले जातात, खऱ्या जगातले. संघाने विचार करून आपल्याला खरोखर जे पटते ते मांडायचे. समोरच्या संघाने विरुद्धच बोलले पाहिजे असा नियम नाही. त्याला तेच पटले असेल तर तसे सांगावे आणि राहून गेलेली बाजू दाखवावी. परीक्षक पाहतात की बोलणे स्पष्ट आहे का, विषयाच्या मुळाशी गेलेत का, आणि वेगळ्या मताच्या माणसाची अडचण समजून घेतली का. या शेवटच्या गोष्टीला गुण असतात! आपल्या स्पर्धांत गुण कशाला असतात, ते आठवून पाहावे. आवाज, हातवारे, पाठांतर.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक कॉलेजचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक थॉमस वॉर्टनबर्ग यांनी एक प्रयोग केला. चित्रांची गोष्टींची पुस्तके घ्यायची, प्राथमिक शाळेत वाचून दाखवायची आणि मुलांना प्रश्न विचारायचे. प्रश्न असे की ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठरवून ठेवता येणार नाही. या कामातून गोष्टी आणि त्यांवरचे प्रश्न यांचा मोठा संग्रह तयार झाला. तो संग्रह आता प्रिंडल केंद्र सांभाळते आणि शिक्षकांना फुकट देते. बेडूक आणि भेक या दोन मित्रांच्या गोष्टीत दोघांना बिस्किटे खाणे थांबवता येत नाही. ते डबा बांधतात, उंच ठेवतात, शेवटी पक्ष्यांना घालतात. प्रश्न असा: खाऊ समोर नसताना न खाणे, याला मनावर ताबा म्हणायचे का? रमजानात रोजा ठेवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारून पाहावा. तो मोठ्यांपेक्षा चांगले उत्तर देईल.

त्याच संग्रहात शेल सिल्व्हरस्टाइन यांचे १९६४ चे 'द गिव्हिंग ट्री' आहे. एक झाड एका मुलावर माया करते. तो मोठा होतो. त्याला पैसे हवेत म्हणून ते फळे देते, घर हवे म्हणून फांद्या, होडी हवी म्हणून खोड. शेवटी म्हातारा झालेला तो माणूस उरलेल्या बुंध्यावर बसतो. पुष्कळ घरांत हे पुस्तक आईच्या त्यागाची गोष्ट म्हणून वाचतात. भाच्याच्या घरी ते होते. आदल्या रात्री मुलीला आम्हीच वाचून दाखवले होते आणि संग्रहातल्या धर्तीवर विचारले, "झाड खूश होते का?"

ती म्हणाली, "दादा, त्याने झाडाला कधी विचारलंच नाही."

आमचा खाणीचा प्रश्न

इथे घरची गोष्ट सांगावी लागते, कारण त्या दिवशी खाणीच्या काठावर आमचे बोलणे त्याच गोष्टीवर येऊन थांबले.

कोकणात आमचा एक सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. वर माती नावाला. पावसाळ्यात तेवढ्याशा मातीत गवत आणि रानफुले येतात, गावातली गुरे चरतात, पुढे आठ महिने सगळे तांबडे आणि तापलेले. बाहेरच्या माणसाला ती पडीक जमीनच वाटते. सातबारावर आमच्यासह पाच वाटेकरी आहेत. थोरली आपा त्यांत आहे, म्हणजे या भाच्याची आई. एका ठेकेदाराने चिऱ्याच्या खाणीसाठी हा सडा मागितला आहे. चिऱ्यामागे दर, काही रक्कम आगाऊ. आपाच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि ती मुलाकडून पैसे घ्यायला तयार नाही. आणखी एका वाटेकऱ्याच्या मुलीला वैद्यकीय प्रवेश मिळाला आहे. म्हणजे गरज खोटी नाही, लोभही म्हणता येणार नाही.

आम्ही विरोधात होतो आणि आहोत. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि सड्याच्या खालच्या अंगाला झरे, विहिरी यांना मिळते. आमच्या सड्याखालच्या वाडीत दोन विहिरी आहेत, आणि त्या वाडीतले कोणीही आमच्या सातबारावर नाही. शिवाय मशीन लागले की चिरे निघतात, धूळ उडते, पाच-सात वर्षांत दगड संपतो आणि ठेकेदार दुसऱ्या सड्यावर जातो. उरतात ते सरळ भिंतींचे खोल खड्डे. पावसात भरतात. अशा खड्ड्यात पोहायला उतरलेल्या पोरांच्या बातम्या कोकणात कोणाला नव्या नाहीत. रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे सापडली आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती गेली आहेत. आणि त्याच प्रकारचे सडे रोज कापलेही जात आहेत.

भाचा इंजिनिअर. तो म्हणाला, "मामू, समोर बघा ना. हीसुद्धा खाणच होती. आज लोक इथे फिरायला येतात. खाण म्हणजे जमिनीचा शेवट नाही."

आम्ही म्हटले, "अरे, इथे विद्यापीठ आले म्हणून."

"म्हणजे कोणीतरी यावं लागतं. मग आपण का नाही यायचं? ठेकेदाराकडून लिहून घेऊ."

या बोलण्यात तथ्य आहे. अमेरिकेतही कायद्याने सगळे होते असे नाही. १९७७ चा तिथला खाणीनंतर जमीन पूर्ववत करण्याचा केंद्रीय कायदा फक्त कोळशाच्या उघड्या खाणींसाठी आहे. दगडाच्या खाणींना तो लागू नाही. ग्रीनकॅसलच्या खाणीचे भाग्य असे की शेजारी पावणेदोनशे वर्षे टिकलेली संस्था होती, देणगीदार होते, आणि खड्ड्यातही काही पाहण्यासारखे आहे असे वाटणारी माणसे होती. आमच्या सड्याच्या शेजारी कोण आहे? वाडी. तिला विहीर हवी, उद्यान नको.

मग आम्ही एक गोष्ट केली. तिथल्याच एका बाकावर बसून हा प्रसंग एथिक्स बोलच्या पद्धतीने मांडला. कोणी कोणाची बाजू लढवायची नाही. ज्याला जे पटते ते, आणि आधी समोरच्याची अडचण आपल्या तोंडाने सांगायची. भाच्याने वाडीच्या विहिरींची गोष्ट सांगितली, आणि आमच्यापेक्षा बरी सांगितली. आम्हाला आपाचे गुडघे सांगावे लागले. रात्री वेदनेने ती उठते, वुजूसाठी खाली बसता येत नाही, नमाज खुर्चीवर पढते, आणि मुलाच्या पैशाला हात लावणार नाही हा तिचा मान आहे, हट्ट नाही. हे सगळे आम्हाला माहीत होते. पण वादात आम्ही तिला 'ऑपरेशनसाठी पैसे' या दोन शब्दांत गुंडाळत आलो होतो, जसा भाचा वाडीला 'थोडं पाणी कमी होईल' यात गुंडाळत होता.

मुलगी मध्येच म्हणाली, "विहिरीवाल्यांना विचारलं का?" आदल्या रात्रीचे झाड तिच्या डोक्यातून गेले नव्हते.

विचारले नव्हते. पाचही वाटेकऱ्यांच्या तीन बैठका झाल्या होत्या, ठेकेदार दोनदा चहाला येऊन गेला होता, आणि वाडीतल्या एकालाही बोलावणे गेले नव्हते.

ज्याचे नाव इमारतीवर आहे

निघण्याआधी विद्यापीठाच्या मुख्य आवारात गेलो. तिथली विज्ञान आणि गणिताची इमारत पर्सी ज्युलियन यांच्या नावाची आहे. या माणसाची गोष्ट कळल्यावर नीतिशास्त्राचे केंद्र याच विद्यापीठात असण्याला वेगळा अर्थ येतो.

ज्युलियन यांचा जन्म १८९९ मध्ये अलाबामात झाला. काळे कुटुंब, आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. १९१६ मध्ये ते डीपॉत शिकायला आले. गावात काळ्या मुलाला जेवू घालणारी जागा शोधताना त्यांचे पहिले दिवस उपाशी गेले. पुढे एका गोऱ्या मुलांच्या वसतिगृहात टेबलावर वाढपी म्हणून काम करायचे आणि माळ्यावर झोपायचे, अशी सोय झाली. १९२० मध्ये ते वर्गात पहिले आले. त्यांच्या आईवडिलांनी अलाबामा सोडून सगळे बिऱ्हाड ग्रीनकॅसलला हलवले, बाकीच्या मुलांनाही इथेच शिकता यावे म्हणून. शिक्षणासाठी घरदार हलवणारे पालक आपल्याही समाजात आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हार्वर्डमधून एम.ए., १९३१ मध्ये व्हिएन्नाहून डॉक्टरेट. १९३२ मध्ये ज्युलियन संशोधनासाठी डीपॉत परतले. १९३५ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी जोसेफ पिकल यांनी काचबिंदूवर वापरले जाणारे फायसोस्टिग्मिन हे औषध प्रयोगशाळेत संपूर्णपणे तयार करून दाखवले. ऑक्सफर्डचे नामांकित रॉबर्ट रॉबिन्सन त्याच कामाच्या मागे होते आणि त्यांची पद्धत चुकीची असल्याचे या लहानशा कॉलेजातल्या संशोधकाने ठामपणे छापले. तेच बरोबर निघाले. यानंतर तरी त्यांना प्राध्यापकाची जागा मिळायला हवी होती. विद्यापीठाने ती दिली नाही. कारण त्यांच्या कातडीचा रंग.

ते शिकागोला ग्लिडन कंपनीत गेले आणि सोयाबीनपासून संप्रेरके आणि कॉर्टिसोनसारखी औषधे स्वस्तात बनवण्याचा मार्ग त्यांनी उघडला. १९५० मध्ये ओक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतले तर त्यावर हल्ले झाले. १९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. १९७५ मध्ये ते वारले. डीपॉने नंतर इमारतीला त्यांचे नाव दिले. येताना वाटेवर जी सोयाबीनची शेते पाहिली होती, जाताना त्यांच्याकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

इमारतीला नाव देणे सोपे असते. माणूस जिवंत असताना खुर्ची देणे अवघड. पण हेही खरे की विद्यापीठ ही गोष्ट लपवत नाही. मुले ती शिकतात. आपल्या किती संस्थांच्या इतिहासात 'आम्ही अमक्याला जागा नाकारली' हे वाक्य छापलेले सापडेल? आपल्या जमातीच्या संस्थाही यात आल्या. मुलगी शिकवायला नको म्हणून वर्ग बंद केल्याच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. स्मरणिकेत त्यांचा उल्लेख नसतो.

परतल्यावर

शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात मूल्यशिक्षणाच्या तासाला सुविचार न लिहिता एक प्रसंग लिहिला. 'परीक्षेत मित्राने कॉपी केली. तुम्ही पाहिले. त्याचे वडील आजारी आहेत आणि नापास झाला तर त्याला शाळा सोडून गॅरेजवर जावे लागेल.' नियम तिथलेच. प्रत्येक गटाने आधी दुसऱ्याची अडचण सांगायची. पहिल्या दिवशी गोंधळ झाला. मुलांना वाटत राहिले की गुरुजींच्या मनात एक उत्तर आहे आणि ते ओळखायचे आहे. तिसऱ्या तासाला एक मुलगी म्हणाली की मित्राला वाचवायचे तर परीक्षेच्या दोन महिने आधी वाचवायला हवे होते. पाऊणशे मुलांच्या वर्गात असे तास रोज घेता येणार नाहीत, अभ्यासक्रम पुढे ढकलतोच. आम्ही पंधरा दिवसांतून एक ठेवला आहे. उर्दूच्या तासाला 'द गिव्हिंग ट्री'ची गोष्ट तोंडी सांगितली, तीही चालली. पुस्तक हवेच असे नाही, प्रश्न हवा.

सड्याचे असे झाले. डिसेंबरमध्ये वाटेकऱ्यांची चौथी बैठक वाडीत, विहिरीच्या कट्ट्यावर घेतली. भाचा फोनवर होता. वाडीतल्या लोकांनी 'खाण नको' असे सरसकट म्हटले नाही; त्यांच्यातली चार माणसे दुसऱ्या खाणीवर कामाला जातात. त्यांचे म्हणणे की सड्याची वरची, रस्त्याकडची बाजू द्या, झऱ्याच्या माथ्यावरची देऊ नका. तेवढ्यात आपाचा वाटा येतो, सगळी रक्कम येत नाही. करारात तीन अटी लिहिल्या आहेत: ठरावीक खोलीखाली जायचे नाही, वरची माती बाजूला साठवून शेवटी परत पसरायची, आणि खड्ड्याला कुंपण. अनामत रक्कम काम पूर्ण झाल्यावरच सुटेल. आम्ही अजूनही सही केलेली नाही. आपा म्हणते, सही कर, पण मातीची अट काढू देऊ नकोस. ठेकेदाराने कागद नेला आहे आणि तिसऱ्या अटीपर्यंत त्याला सगळे मान्य आहे. अनामतीवर त्याचे उत्तर यायचे आहे.